चाड्यातल्या घुगऱ्या

गव्हाची पेरणी उरकायची होती त्या दिवशी सुलाबाई उजाडल्यापासून मनातल्या मनात वाटे घालत होती. एक वाटी चिमाजीबाबांच्या घरी, एक नवसामावशीकडे, एक भागुबाईकडे. शेताला शेत लागून असलेली घरं तेवढीच.

पेरायच्या पाभरीच्या तोंडाशी जे लाकडी चाडं असतं, त्यात मूठमूठ बी सोडत पेरणी करायची. शेवटच्या तासाला, म्हणजे शेवटच्या ओळीला, चाड्यात जे उरतं ते पुन्हा पोत्यात टाकायचं नाही, असा गोदाकाठच्या त्या खेड्यातला जुना रिवाज. त्या दाण्यांच्या घुगऱ्या शिजवायच्या, वर गूळ-खोबरं घालायचं आणि शेजारीपाजारी वाटायच्या. सुलाबाईने लहानपणी अशा घुगऱ्या पुष्कळ खाल्ल्या होत्या. पण त्या बांधाखाली उभं राहून, पदर पसरून, वरून पडतील तशा. देणाऱ्याचा हात पदराला लागू नये म्हणून उंचावर थांबायचा आणि काही दाणे मातीत पडायचे. ते वेचून फुंकर मारून खायचे.

आता तिच्या घराचं शेत होतं. सासऱ्यांच्या वतनाची जमीन वर्षानुवर्षं पडीक होती. कालव्याचं पाणी आलं आणि अठ्ठ्याहत्तर साली तिथे पहिल्यांदा गहू पडला. तिचा नवरा भिकन सातपूरच्या एका कारखान्यात कामाला. दुसरी पाळी होती म्हणून सकाळीच त्याने शेवटची तासं मारली, औत बांधाला लावलं आणि डबा घेऊन नाक्याकडे निघाला.

"चाड्यात अर्धा शेर तरी उरलाय," सुलाबाई म्हणाली.

"राहू दे तिथंच. हात साबणानं धू मात्र. उधईचं औषध लावलंय त्याला," भिकन सायकलवर टांग टाकता टाकता म्हणाला. नव्या जातीचं बी होतं. दुकानदाराने बियाबरोबरच वाळवीच्या औषधाचा डबा दिला होता आणि भिकनने आदल्या दिवशी गोणपाटावर गहू पसरून त्याला ते चोळलं होतं.

धान्याला काहीतरी लावणं सुलाबाईला नवं नव्हतं. बाजरीत राख, हरभऱ्याला एरंडाचं तेल, तांदळाला बोरिक पावडर. खायच्या वेळी धुतलं की झालं. तिने विचारही नीट केला. हाताला लागलेलं साबणाने जातं, तर दाण्याला लागलेलं पाण्याने का जाणार नाही? दाणे तिने पातेल्यात घेतले आणि अंगणातल्या दगडावर बसून धुवायला सुरुवात केली. पहिल्या पाण्यावर तेलाची पातळ साय आली, उन्हात निळी-जांभळी चमकली. तिने ते पाणी ओतून दिलं, दुसरं घेतलं. साय कमी झाली. पाणी अगदी नितळ होईपर्यंत ती धूत राहिली. वास तेवढा थोडा राहिला होता, रॉकेलच्या बाटलीचं बूच हुंगल्यासारखा. शिजल्यावर तोही गेला, की गुळाच्या वासाखाली दबला, ते तिला कळलं नाही.

"वाटून झाल्याशिवाय घरात कुणी तोंडाला लावायचं नाय," सासू विठाबाई चुलीपाशी बसून म्हणाली. "लोकांचं उरलेलं आपण जन्मभर खाल्लं. आज आपलं उरलेलं आपण खाऊ."

"व्हय आत्या," सुलाबाई हसली.

पितळेच्या तीन वाट्या तिने चिंचेने घासून ठेवल्या होत्या. त्यात घुगऱ्या भरल्या, वर खोबऱ्याचा कीस घातला, ताटावर फडकं टाकलं आणि निघाली. चिमाजीबाबांच्या सुनेने दारातच वाटी घेतली. "अगं बाई, सुलाबाई, तुमच्या घरच्या घुगऱ्या!" असं म्हणत गोड हसली. नवसामावशी ओट्यावर होती. "ठेव तिथं कोनाड्यात," ती म्हणाली. भागुबाईचा मळा नदीच्या अंगाला, सगळ्यात लांब. ती वाफ्यात मेथी काढत होती, म्हणून वाटी तिचा नवरा गोटीराम याच्याकडे दिली. "तिला दिसू नको देऊ, मला राहायच्या नाहीत," गोटीराम म्हणाला आणि सुलाबाई हसतच घराकडे वळली.

अंगणात पाय टाकताच तिला तांबडी कोंबडी दिसली. धुण्याच्या दगडापाशी ती आडवी पडली होती आणि तिचे पाय सायकल मारावी तसे हवेत चालले होते. मान पाठीकडे वळली होती. थोड्या अंतरावर दुसरी निपचित होती. तिच्या चोचीत गव्हाचा एक दाणा होता, धुताना सांडलेला.

"दुपारपर्यंत चांगल्या होत्या गं," विठाबाई दारात येऊन म्हणाली. "घुबडबिबड पडलं का काय?"

 सुलाबाईने तो दाणा चोचीतून काढला, नाकाशी नेला. तोच वास. 

"आत्या, तुम्ही खाल्लं?"

"तू आल्याशिवाय कशी खाऊ?"

सुलाबाईने चुलीवरचं पातेलं उचललं आणि ते तसंच मोरीच्या कोपऱ्यात नेऊन वर दगड ठेवला. दगड दोनदा निसटला. "कुणाला हात लावू देऊ नका. कुत्र्यालासुद्धा," ती म्हणाली आणि पदर खोचून धावत सुटली.

चिमाजीबाबांचं घर जवळचं. सून पडवीत दाणे निवडत बसली होती.

"ताई, घुगऱ्या कुणी खाल्ल्या?"

"खाल्ल्या की सगळ्यांनी," सून हसली. "लय गोड झाल्या होत्या. पोरं तर भांडली."

सुलाबाईने दाराच्या चौकटीला धरलं. चिमाजीबाबांच्या घरात तीन नातवंडं होती. "पोरं कुठं हायेत? बाहेर बोलवा त्यांना. ताई, माझ्या कोंबड्या मेल्या. त्या गव्हाला औषध होतं. माझ्याकडून चूक झाली. पोरांना मिठाचं पाणी पाजा, ओकाऱ्या काढा, आत्ताच्या आत्ता!"

सुनेचं हसणं जागच्या जागी थिजलं. तिने आत पाहिलं, मग सुलाबाईकडे, मग जमिनीकडे.

"पोरांना काय होत नाय," ती हळूच म्हणाली.

"ताई, तुम्हाला कळत कसं नाही!"

"नाही खाल्ल्या त्यांनी." ती उठली, परसदारी गेली आणि उकिरड्याकडे बोट दाखवलं. शेणावर घुगऱ्यांचा ढीग जसाच्या तसा पडला होता, वर खोबऱ्याचा कीस पांढरा दिसत होता. वाटी कुंपणाच्या दगडावर पालथी होती. आतून ती काळवंडली होती, विटाळ जावा म्हणून आत निखारा फिरवून काढला होता. "सासूबाईंचं असतंय," सून म्हणाली. "मी काय करणार?"

सुलाबाईने वाटी उचलली. राग यायला हवा होता, तो आला नाही. पाय मोकळे झाल्यासारखं वाटलं. तीन पोरं वाचली. तिने उकिरड्यावरच्या घुगऱ्यांवर पायाने माती ओढली आणि नवसामावशीच्या ओट्याकडे पळाली.

नवसामावशी आत भाकर खात होती. सुलाबाईला पाहून तिने ताट मागे सरकवलं.

"मावशी, घुगऱ्या?"

"हायेत की कोनाड्यात. आज उपास गं मला."

तो बुधवार होता. मावशीच्या ओठाला ठेच्याचा लाल ठिपका लागला होता. कोनाड्यातली वाटी भरलेली होती. तिच्यापर्यंत भिंतीवरून मुंग्यांची रांग आली होती, आणि वाटीभोवती त्या मुंग्या मोहरी सांडावी तशा पडल्या होत्या. एकही हलत नव्हती.

"अगं बया," नवसामावशी मागून डोकावत म्हणाली, "मुंग्या मेल्या काय? काय घातलंस त्यात?"

"औषधाचा गहू होता मावशी. मला कळलं नाही."

"तरी म्हटलं, माझ्या मनाला खाऊ वाटेना," मावशी म्हणाली, आणि तिच्या आवाजात भीतीबरोबर थोडं समाधानही होतं. "आता गाव काय म्हणेल गं? शेजाऱ्याला विष घालायला निघाली म्हणतील."

सुलाबाईने वाटी पदरात उपडी केली आणि पदराची गाठ मारली. मावशीचं शेवटचं वाक्य तिच्या मानेवर येऊन बसलं. म्हणतील. नक्की म्हणतील. भिकनची सायकल रोज चिमाजीबाबांच्या शेतावरून जाते. कालव्याच्या पाण्याची पाळी त्यांच्याच हातात. एक शब्द फिरला की पाणी बंद, वाट बंद.

पण त्याहून मोठी भीती पुढे होती. भागुबाई.

दोघी पहाटे डोक्यावर पाट्या घेऊन एकाच टेम्पोने नाशकाच्या बाजारात जायच्या आणि एकाच पोत्यावर शेजारी शेजारी बसायच्या. भागुबाई मेथी-कोबी विकायची, सुलाबाई रानातल्या वालाच्या शेंगा. बोलण्यात भागुबाई कायम बरोबरीची. पण चिमाजीबाबांची सूनही गोडच बोलत होती. बाजारात भागुबाई तिच्या डब्यातली चटणी घ्यायची. घ्यायची ना? की घेऊन बाजूला ठेवायची? सुलाबाई पळता पळता आठवू लागली. बाजाराच्या गर्दीत नीट पाहिलं कुणी होतं?

आणि नदीच्या उतारावर, धाप लागलेली असताना, तिने एक अशी गोष्ट मागितली जी तिने आयुष्यात कधी मागितली नव्हती. भागूने विटाळ मानलेला असू दे. तिने वाटी उकिरड्यावर पालथी केलेली असू दे. आत निखारा फिरवलेला असू दे. मी तिला काही म्हणणार नाही.

गोटीराम झोपडीपुढे मेथीच्या जुड्या बांधत होता. वाटी त्याच्या शेजारी होती. स्वच्छ, रिकामी, तळाला गुळाचा एक ओघळ.

"आलीस का?" तो म्हणाला. "बघ तुझी मैत्रीण. मला चार दाणेसुद्धा ठेवले नाहीत. बोटं चाटून खाल्लं सगळं. म्हणते, सुलाच्या पहिल्या पेरणीचं हाय, वाटणी मागू नका."

"कुठं हाय ती?"

"आत पडलीय. डोकं चढलं म्हणते उन्हाचं."

भागुबाई गोधडीवर कुशीवर पडली होती. सुलाबाईला पाहून हसायचा प्रयत्न केला. "सुले, लय भारी झाल्या होत्या गं," ती म्हणाली. "फक्त तोंडाला कसलीशी झिणझिण..." आणि तिचा हात उडाला. तिने स्वतःच्या हाताकडे नवलाने पाहिलं, जणू तो दुसऱ्याचा होता. मग खांदा उडाला, दात एकमेकांवर आपटले आणि सगळं अंग ताठ होऊन धनुकलीसारखं वाकलं.

गोटीराम जुडी टाकून आत आला. "काय झालं? काय झालं तिला?"

सांगायचं की नाही, असा प्रश्न सुलाबाईच्या मनात आला आणि गेला. तो किती वेळ थांबला हे तिला नंतर कधीच ठरवता आलं नाही.

"माझ्या घुगऱ्यांनी," ती म्हणाली. "गव्हाला उधईचं औषध होतं. मी धुतला, पण गेलं नाही. गाडी बघा दाजी. बोलू नंतर."

सडकेला कांद्याचा ट्रक मिळाला. दोघांनी भागुबाईला गोणींवर झोपवलं. वाटेत पुन्हा एकदा झटका आला. सुलाबाईने तिची जीभ चावली जाऊ नये म्हणून पदराचा बोळा दातांत दिला आणि ताबडतोब ओढून काढला, कारण त्याच पदरात घुगऱ्या बांधलेल्या होत्या. दुसरं टोक फाडून दिलं. गोटीराम समोर बसला होता. तो सुलाबाईकडे पाहत नव्हता. पंचवटीचा पूल आला तेव्हा त्याने पहिल्यांदा तोंड उघडलं.

"हिला काय झालं ना सुलाबाई..." तो म्हणाला.

मोठ्या दवाखान्यात डॉक्टरने काय खाल्लं म्हणून विचारलं. बरेचसे लोक अशा वेळी उन्हाचं, बाहेरचं, देवीचं सांगतात. सुलाबाईने पदराची गाठ सोडून घुगऱ्या टेबलावर ठेवल्या. औषध कशासाठी होतं, वास कसा होता, पाण्यावर साय कशी आली, कोंबड्या कशा मेल्या, सगळं क्रमाने सांगितलं.  डॉक्टरने एक दाणा उचलून हुंगला.

"हे पाण्यात विरघळतच नाही बाई," तो म्हणाला. "तेलात विरघळतं. तुम्ही दिवसभर धुतलं असतं तरी दाण्यात राहिलंच असतं. शिजवूनही जात नाही." मग नर्सला हाका मारत आत गेला. जाता जाता वळून म्हणाला, "बरं झालं आणलंत हे. नाहीतर आम्ही फिट समजून बसलो असतो."

आत पोटात नळी घालून धुणं चाललं होतं. बाहेरच्या बाकावर सुलाबाई आणि गोटीराम मध्ये एका माणसाची जागा सोडून बसले. आतून मधूनच लोखंडी खाट खडखडायची. खडखडली की भीती, थांबली की त्याहून भीती. संध्याकाळी पाळी सोडून भिकन आला. कारखान्यात निरोप गेला होता. त्याला पाहताच गोटीराम उठला आणि सुलाबाईला वाटलं, आता मारामारी. पण गोटीराम फक्त म्हणाला, "त्या डब्यावर काय लिहिलं होतं रे?"

"इंग्रजीत होतं," भिकन म्हणाला. "कवटीचं चित्र होतं. मला वाटलं किड्यांसाठी हाय." तो खाली बसला. "मी हिला म्हटलं होतं, राहू दे तिथंच. का ते सांगायला पाहिजे होतं. बस सुटेल म्हणून निघालो."

"माझ्या घरात पण हाय तसला डबा," गोटीराम म्हणाला. "कोबीवर मारतो."



दुसऱ्या दिवशी सकाळी झटके थांबले. भागुबाईने डोळे उघडले, पाणी मागितलं, आणि पाण्याकडे संशयाने पाहून मग घेतलं. सुलाबाई पायाशी उभी होती, जवळ यायला धजत नव्हती.

"ये की इकडं," भागुबाईचा आवाज चिरका झाला होता. "लांब काय उभी राहतेस पाहुणीसारखी?"

सुलाबाई खाटेवर टेकली आणि तिचा हात हातात घेऊन रडली.

"बाकीच्यांचं काय गं?" भागुबाईने विचारलं. "चिमाजीबाबाची नातवंडं? नवसामावशी?"

"कुणाला काय नाय झालं."

"त्यांना कसं काय नाय झालं?"

सुलाबाईने तिच्या अंगावरची चादर सारखी केली. भागुबाई छताकडे बघत राहिली. थोड्या वेळाने तिच्या लक्षात आलं, हे तिच्या ओठांवरून कळलं.

"खाल्ल्याच नाहीत मेल्यांनी," ती म्हणाली. "तुझ्याशेजारी बसते म्हणून माझ्या हातचं पण खात नसतील मग. कोबी मात्र परवा माझ्याकडून नेला."  तिचा चेहरा झटक्याच्या वेळी झाला होता तसा पांढरा पडला. "सुले, तेरवा सांजच्याला कोबीवर पावडर मारली होती. परवा सकाळी बाजारात नेला. गिऱ्हाईक म्हणतं, पान भोकाचं नको, किडकं नको. कुणी कुणी नेला गं तो? ती चष्म्यावाली बाई, लहान लेकरू कडेवर असतं ती... तिनं नेला ना?"

"धुवून खात असतील," सुलाबाई म्हणाली, आणि बोलल्यावर तिचं तिलाच ऐकू आलं.

गावात बोलायचं ते बोललं गेलं. काही दिवस कालव्याची पाळी उशिरा मिळाली. पण गोटीरामने चिमाजीबाबांच्या पडवीत बसून एवढंच विचारलं, "बाबा, वाटीत निखारा कुणी फिरवला होता?" तेव्हा ते बोलणं जरा खाली बसलं. पुरतं बसलं नाही.

सुलाबाईच्या शेतातला गहू उत्तम आला. एकसारखा, बुटका, ओंब्या भरलेल्या. लोक बांधावर थांबून बघायचे. फाल्गुनात पोती घरात आली आणि त्या गव्हाची पहिली पोळी तव्यावर फुगली, तेव्हा सुलाबाईने ती उचलून नाकाशी नेली. डॉक्टरने सांगितलं होतं की पिकात एवढं येत नाही. एवढं म्हणजे केवढं, हे तिने विचारलं नव्हतं. ती पोळी हुंगत राहिली. "आता रोज अशी हुंगणार का?" भिकनने विचारलं. ती रोज हुंगायची.

"पुढं सगळं असंच येणार," भिकन एकदा म्हणाला. "पेरायचं वेगळं, खायचं वेगळं."

सुलाबाईच्या डोक्यात ते वाक्य बसून राहिलं. लहानपणापासून तिला माहीत होतं, एकाच कणगीतलं थोडं पेरायचं आणि थोडं खायचं. उपाशी वर्षात बी खाल्लं म्हणून माणसं वाचलेली तिने पाहिली होती. उद्याच्या उपाशी वर्षात कुणाच्या घरात असं बी असेल, आणि ते खाल्ल्यावर काय होईल?

पावसाळा सरता सरता भागुबाई सिन्नरच्या अंगाच्या आपल्या माहेराहून परत आली ती डोक्यावर मडकं घेऊन. मडक्यात राखेत ठेवलेला खपली गहू होता, लांबट, टरफलासकट. तिचा उजवा हात अजून कधीकधी आपोआप थरथरायचा.

"याला काय लावायचं नाय," तिने बजावलं. "एका कोपऱ्यात पेर. उधईनं खाल्लं तर खाऊ दे. तिच्या तोंडातून उरेल ते आपलं." आणि मग हळू आवाजात, "मी पण दोन वाफे बिनपावडरीचे ठेवलेत. भोकाची पानं निघाली. त्या चष्म्यावालीला सांगितलं, हाच कोबी न्या. ती म्हणाली, किडका मला कशाला देता?"

"मग?"

"मग काय, दुसरीकडून चकचकीत घेतला. ते लेकरू होतं कडेवर."

कार्तिकात कोपऱ्यातली खपली पेरून झाली. चाड्यात मूठभर बी उरलं. सुलाबाईने ते धुतलं. पाण्यावर राख आली, बाकी काही नाही. तरी ती उन्हात पाणी तिरपं करून साय शोधत राहिली. टरफलं कांडून काढली, घुगऱ्या शिजल्या. विठाबाईने सवयीने म्हटलं, "वाटून झाल्याशिवाय..."

"नाय आत्या," सुलाबाई म्हणाली. "या घरात आता आधी आपण खायचं."

तिने एक घास स्वतः खाल्ला आणि अंगणात, कोंबड्या मेल्या होत्या त्या दगडावर, जाऊन बसली. जिभेला झिणझिण होते का, हात उडतो का, ते पाहत राहिली. दगडावरची सावली भिंतीवर चढली.  मग तिने उरलेल्या घुगऱ्या एकाच पितळी वाटीत भरल्या. बाकीच्या दोन वाट्या फळीवरच राहिल्या.

भागुबाई बांधावर बसली होती.

"किती वेळ गं," ती म्हणाली. "मी काय सांजेपर्यंत उपाशी बसू?" आणि तिने हात पुढे केला. तो थोडा थरथरत होता, म्हणून सुलाबाईने वाटी तिच्या हातात देऊन खालून आपला हात तसाच धरून ठेवला. भागुबाईने पहिला घास तोंडात टाकला. सुलाबाई तिच्या चावणाऱ्या जबड्याकडे, खांद्याकडे, बोटांकडे बघत राहिली. शेवटचा दाणा संपेपर्यंत तिने वाटी सोडली नाही, आणि संपल्यावरही.